दोन बहिणींत एक चित्र

ब्रिस्टलमध्ये मी जुन्या चित्रांची दुरुस्ती आणि फ्रेमिंग करते. माझ्या गिऱ्हाइकांत एक स्पॅनिश बाई होत्या, पंचाहत्तरीच्या. नवऱ्याचा विमानांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. तो गेल्यावर कारखाना विकला, चित्र मात्र एकही विकलं नाही. जिन्यात, स्वयंपाकघरात, जिथे भिंत दिसेल तिथे चित्रं. पण जीव होता एका मोठ्या कॅनव्हासवर: समुद्रकाठी जाळं विणत बसलेल्या दोघी जणी. तरुणपणी इंग्लंडला आल्यावर त्यांनी आणि धाकट्या बहिणीने मिळून घेतलेलं ते पहिलं चित्र.

धाकटी बर्मिंगहॅमला, तिच्याकडेही घरभर चित्रं. "इतकी वर्षं तुझ्याकडे होतं, आता मला दे," असं तिचं म्हणणं. त्यावरून दोघींनी बोलणं टाकलं होतं.

एका मंगळवारी बाईंचा फोन आला. "दोन फ्रेम्स करायच्यात. बहीणही येतेय." मला वाटलं, झाला समेट, कॉपी काढून घेतली असेल. मी मापाची टेप घेऊन गेले.

डायनिंग टेबलावर ते चित्र लाकडी चौकटीतून सोडवून पसरलेलं, आणि बाईंच्या हातात शिवणाची मोठी कात्री. मी दारातून आत येते तोच कर्रकन आवाज झाला. वीतभर कॅनव्हास कापला गेला होता.

"अहो, काय करताय तुम्ही!" मी चक्क मराठीत ओरडले आणि धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"अर्धं तिचं आहे," त्या शांतपणे म्हणाल्या.

"अजून जोडता येईल. मी जोडून देते. प्लीज."

त्यांनी कात्री खाली ठेवली. तेवढ्यात बहीण आली. कोटही न काढता टेबलाशी उभी राहिली. आता ही किंचाळणार, असं मला वाटलं. तिने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. थोरलीने मान डोलावली. मग धाकटीने कात्री उचलली आणि थेट खालपर्यंत कापत गेली. थोरलीने कॅनव्हास ताणून धरला होता. रंगाच्या खपल्या टेबलावर पडत होत्या.

कापून झाल्यावर दोघी कॉफी करायला आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला. मी खुर्चीत बसून राहिले.

फ्रेम्स मीच केल्या. नाही म्हणायला हवं होतं का, अजून ठरत नाही. घरी नवरा म्हणाला, "चित्र त्यांचं होतं, तुला काय एवढं?"

धाकटीचा भाग मी गाडीने बर्मिंगहॅमला पोचवला. तिने तो हॉलमध्ये लावून घेतला. एकटी बाई, हातात जाळं, आणि ते जाळं फ्रेमच्या कडेला येऊन संपलेलं. माझ्याच्याने बघवेना. ती मात्र ताईला फोन लावून खुशीत सांगत बसली होती, कुठे लावलं, कसं दिसतंय.