नवजीवन साउंड सर्व्हिस, मुक्काम मॉरिसव्हिल

माझ्या मामेसासऱ्यांना हल्ली फारसं ऐकू येत नाही असं डॉक्टर म्हणतात. आवाजातलं त्यांच्याइतकं कळणारा दुसरा माणूस सगळ्या नॉर्थ कॅरोलायनात नाही असं मी म्हणतो, आणि आम्हा दोघांचंही बरोबर आहे. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा व्हिसा कुठला, कंपनी कुठली, घर भाड्याचं की स्वतःचं, या प्रश्नांची उत्तरं पाठ करून गेलो होतो. मामांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं, कपाटाएवढ्या चार लाकडी खोक्यांसमोर उभं केलं, एक रेकॉर्ड लावली आणि माझ्या पोटावर तळहात ठेवून म्हणाले, "इथं लागलं का?" लागलं होतं. सकाळची इडली जागची हलली होती. "मग बसा जेवायला," मामा म्हणाले, आणि मी त्या घरचा जावई म्हणून पास झालो.

जमैकात रस्त्याच्या कोपऱ्यावर असे कपाटाएवढे स्पीकर रचून, रेगे नावाच्या तिथल्या संगीताच्या रेकॉर्डी लावून सगळ्या वस्तीला नाचवायची रीत आहे. त्या सगळ्या सरंजामाला साउंड सिस्टिम म्हणतात. तिथून परमुलखात गेलेल्या लोकांनी ती बरोबर नेली, जसे आपण प्रेशर कुकर आणि गोडा मसाला घेऊन येतो. आता अशी एक साउंड सिस्टिम विट्याहून आलेल्या मराठी इंजिनीअरच्या गॅरेजात चाळीसेक वर्षं कशी काय नांदली, हा प्रश्न मॉरिसव्हिलमधल्या प्रत्येक नव्या मराठी माणसाला पडायचा. मामींना तो पडत नसे. त्यांना फक्त एवढंच ठाऊक, की ज्या गॅरेजात त्यांची गाडी असायची तिथं खोकी आहेत, आणि म्हणून जानेवारीत भल्या सकाळी शाल गुंडाळून गाडीच्या काचेवरचं बर्फ त्यांना खरवडावं लागतं. "लोकांच्या घरात सवत येते ती निदान स्वयंपाकाला हात लावते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

मामांच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, विट्याला लाउडस्पीकरचं दुकान होतं. नवजीवन साउंड सर्व्हिस. लग्न, बारसं, सभा, उरूस, जिथं म्हणून चार माणसं जमत तिथं अण्णांचे भोंगे आधी पोचलेले असत. शाळकरी वयात मामा बैलगाडीत भोंगा मांडीवर घेऊन गावोगाव हिंडले. पुढं शिकले, इकडं आले, मोठ्या कंपनीत लागले. तिथल्या पहिल्याच पिकनिकला साहेबांचं भाषण चालू असताना स्पीकर खरखरायला लागला, आणि तो दुरुस्त करायला गर्दीतून दोघे जण एकदमच उठले. दोघांच्याही खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता. एक मामा आणि दुसरा वेंडेल, त्याच कंपनीत वायरिंगची कामं बघणारा जमैकन. पिकनिकला सुटाबुटात येताना खिशात स्क्रू-ड्रायव्हर ठेवणारा आणखी एक माणूस जगात आहे हे कळल्यावर दोघांनी एकमेकांना सोडलंच नाही. साहेबांचं भाषण राहिलं ते राहिलंच.

वेंडेलला त्याच्या वस्तीतल्यासारखी साउंड सिस्टिम उभी करायची होती. मामांना अण्णांचं दुकान आठवत होतं. दोघांनी प्लायवुड कापून, रंधा मारून खोकी बनवली. नाव काय द्यायचं यावर वेंडेलनं म्हणे राजे, सिंह, वीज वगैरे पुष्कळ सुचवलं, पण अण्णांच्या दुकानाचं नाव आणि त्याचा अर्थ ऐकल्यावर तो म्हणाला, "इंजिनीअर, आधीच ठेवलेलं नाव असताना नवं कशाला शोधायचं?" मामांनी कागदावर देवनागरीत लिहून दिलं आणि वेंडेलनं ते लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत खोक्यांवर रंगवलं. तेव्हापासून इकडचे जमैकन लोक ती अक्षरं इथिओपियातली समजतात. तिथला सम्राट त्यांच्यातल्या कित्येकांचा देवच, म्हणून इथिओपियाबद्दल त्यांना पराकोटीचा आदर. एक दाढीवाले आजोबा तर दर कार्यक्रमाला 'नवजीवन'मधल्या वेलांटीला डोकं टेकवून नमस्कार करायचे. मामांनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. "नमस्कार बापाच्या दुकानाला पोचतोय ना, मग वाटेत कुठं बदली गाडी घेतो हे आपण कशाला विचारायचं," असं त्यांचं म्हणणं.

या संगतीचा परिणाम दोघांच्याही जिभेवर झाला. वेंडेलला मराठीतला एकच शब्द येतो, "हळू", आणि तो खोकी उचलतानाच वापरायचा असतो अशी त्याची समजूत आहे. मामांचं उलट. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींनी "यजमान, हातात पाणी घ्या" म्हटलं की मामा पळी उचलत जमैकन थाटात होकार देऊन "या मॅन" म्हणतात. फर्निचरच्या दुकानात गेले की टेबलाचा भाव बघण्याआधी त्याला टिचकी मारून कान लावतात. आणि जगातला कुठलाही आवाज जवळून कळत नाही यावर त्यांची श्रद्धा असल्यामुळे, स्पीकर लावून झाले की ते स्वतः पार्किंग लॉटच्या पार टोकाला, शेवटच्या गाडीच्या पलीकडे जाऊन हाताची घडी घालून उभे राहतात. भाचीच्या, म्हणजे आमच्या लग्नाच्या रिसेप्शनला ते सगळा वेळ तिथंच होते. फोटोंत नाहीत, पण आवाज उत्तम होता हे मला मान्य करावंच लागेल.

याच सवयीमुळे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तो ऐतिहासिक प्रकार घडला. साउंड सिस्टिमचा एक अलिखित नियम आहे. गाणं लोकांच्या काळजाला भिडलं की लोक टाळ्या पिटतात, हाताला लागेल ते बडवतात, आणि मग रेकॉर्ड लावणाऱ्यानं सुई उचलून ते गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं असतं. लोकांनी मागावं आणि आपण देऊ नये, हे पंगतीत जिलबी मागणाऱ्याला वाढप्यानं दिसलं-न-दिसलं केल्यासारखं. तर त्या वर्षी मंडळाचा नेहमीचा डीजे आयत्या वेळी आला नाही आणि अध्यक्षांनी मामांना फोन केला. मामांनी अण्णांच्या दुकानातली आरतीची जुनी रेकॉर्ड काढली, वेंडेलला तबकडीपाशी बसवलं आणि स्वतः नेमाप्रमाणे पार्किंग लॉटच्या टोकाला गेले. आरती सुरू झाली. आरतीला आपण टाळ्या वाजवतो. झांजा वाजवतो, घंटा बडवतो. वेंडेलनं इतका जबरदस्त प्रतिसाद आयुष्यात पाहिला नव्हता. त्यानं दुसऱ्या कडव्यात सुई उचलली आणि आरती पहिल्यापासून लावली. लोक बावरले, पण देवाचं काम, मध्येच कसं सोडायचं, म्हणून आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले. वेंडेलनं पुन्हा सुई उचलली. तबक धरून अध्यक्षांचा हात भरून आला, मोदक गार झाले, गुरुजी हतबुद्ध होऊन मूर्तीकडे बघत राहिले, आणि पोरं मात्र "वन मोअर, वन मोअर" म्हणून नाचायला लागली. मामा धावत आत येईपर्यंत आरती चौथ्यांदा सुरू झाली होती. वेंडेल घाम पुसत म्हणाला, "इंजिनीअर, तुझे लोक तर थांबूच देत नाहीत."

मामा माफी मागायला पुढं झाले, तेवढ्यात कमिटीतल्या सर्वांत कडक काकू म्हणाल्या, "राहू दे हो. एरवी आरतीच्या वेळी निम्मी पोरं बाहेर फोनवर असतात. आज एक तरी हललं का?" तेव्हापासून आमच्या मंडळात आरती एकदा मुद्दाम पहिल्यापासून घेतात. नव्यानं आलेल्यांना ही कोकणातली प्रथा असावी असं वाटतं.

पण एका रेकॉर्डच्या बाबतीत हा नियम मामांनी कधी पाळला नाही. प्रत्येक साउंड सिस्टिमकडे एखादी अशी रेकॉर्ड असते, जी जगात दुसऱ्या कुणाकडे नसते. गायकाला गळ घालून आपल्या साउंडचं नाव गाण्यात गुंफून घ्यायचं आणि त्याची एकुलती एक तबकडी कापून घ्यायची. वेंडेल एकदा जमैकात, किंग्स्टनला गेला तेव्हा त्यानं अशी तबकडी करून आणली. त्यात एक गायक आपल्या घोगऱ्या, गोड आवाजात "नाव-जीवन, नाव-जीवन" म्हणत राहतो. ती गॅरेजात पहिल्यांदा लावली तेव्हा मामा खाली फरशीवर बसले आणि गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले, "अण्णा असायला हवे होते." अण्णा त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. या तबकडीचा थर मेणासारखा मऊ असतो. दर वेळी सुई फिरली की ती थोडी झिजते. म्हणून मामा ती कार्यक्रमाच्या शेवटी एकदाच लावत, आणि लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं तरी पुन्हा लावत नसत. टाळ्या ओसरेपर्यंत ते तबकडी छातीशी धरून उभे राहत. लोकही समजून घेत.

मग व्हायचं ते झालं. मामांच्या कानांत यंत्रं आली. वेंडेलचे गुडघे गेले आणि त्याच्या मुलीनं त्याला फ्लोरिडाला बोलावून घ्यायचं ठरवलं. मामींना जिना होईना, म्हणून घर विकून जवळच एका मजल्याचं छोटं घर घ्यायचं ठरलं. घर चांगलं होतं, उजेडाचं होतं, फक्त त्याला गॅरेज नव्हतं. खोक्यांचं काय, हे कुणी बोलेना. एक तरुण बारमालक येऊन बघून गेला. त्याला ती आडवी टाकून टेबलं म्हणून वापरायची होती. फारच व्हिंटेज लुक आहे म्हणाला. मामा "विचार करतो" म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मला आवाजातलं काही कळत नाही, पण जेवण नाकारणारे मामा मी पहिल्यांदाच पाहिले.

शेवटचा कार्यक्रम गावातल्या पार्कमध्ये, छपराखाली, भर दुपारी झाला. जुने जमैकन आले, त्यांची नातवंडं आली, मंडळाची मंडळी डबे घेऊन आली. वेंडेल खुर्चीत बसून "हळू, हळू" करत होता आणि आम्ही आयटीवाले खोकी उचलताना माना अवघडून घेत होतो. मामा पार्किंग लॉटच्या टोकाला गेले नाहीत. त्यांनी कानातली यंत्रं काढून खिशात टाकली आणि सगळा वेळ एक तळहात खोक्यावर ठेवून उभे राहिले. हात ठेवून ते जेवढं सांगत, तेवढं बटण वेंडेल फिरवी. माझ्या पोटात अगदी लग्नानंतरच्या त्या दिवसासारखं लागलं.

शेवटी ती तबकडी लागली. झिजून झिजून आता गायकाच्या आवाजाबरोबर खरखरही येत होती, पण नाव स्पष्ट होतं. लोक नाचत होते, पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ही तबकडी पुन्हा लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि गाणं अर्ध्यावर असताना मागच्या टेबलापाशी एकदम धाडधाड आवाज झाला. मामी मसालेभाताच्या पातेल्यावरचं झाकण डावानं बडवत होत्या. जोरजोरात, एका लयीत, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

मामांना तो आवाज ऐकू जाणं शक्यच नव्हतं. वेंडेलनं त्यांच्या दंडाला हात लावून मागं बोट दाखवलं. मामांनी मामींकडे पाहिलं. मग त्यांनी सुई उचलली आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

जेवणं झाल्यावर मामी पातेलं विसळत माझ्याशेजारी आल्या. "जावईबापू, तुमच्या गॅरेजात गाड्या किती मावतात?"

"दोन."

"आणि आहेत किती?"

"दोनच," मी म्हणालो. माझं गॅरेज हा माझा अभिमानाचा विषय आहे. फरशीला चकचकीत रंग, भिंतीला हुकांवर टांगलेली हत्यारं, थंडीत उबदार गाडीत बसून निघायची चैन.

"मग एक बाहेर लावता येईल," मामी म्हणाल्या. मी बायकोकडे आशेनं पाहिलं. ती म्हणाली, "यार, तुझीच लावू. मी लवकर निघते."

आता मामा दर रविवारी आमच्याकडे येतात. आल्या आल्या चहा घेत नाहीत. आधी गॅरेजात जाऊन एक रेकॉर्ड लावतात, फ्लोरिडाला वेंडेलला फोन जोडतात आणि तो खोक्यावर ठेवून देतात. मामांना फोनवरचं ऐकू येत नाही आणि वेंडेलला पोटात लागत नाही. तरी गाणं संपेपर्यंत दोघांपैकी कुणी बोलत नाही. ती तबकडी मात्र पुन्हा लावलेली नाही. पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवली आहे. तिच्यात अजून एखाद-दुसऱ्या वेळेपुरता आवाज शिल्लक असावा असं मामा म्हणतात, आणि कधी लावायची ते मामी सांगतील म्हणतात.

आणि मी जानेवारीच्या सकाळी मफलर गुंडाळून काचेवरचं बर्फ खरवडत असतो. पहिले काही दिवस चरफडलो, खोटं कशाला बोलू. पण हल्ली हात गारठले की मला पार्कमधली ती दुपार आठवते, ते झाकण, तो डाव, आणि मान वळवून बघणारे मामा. मग निघण्यापूर्वी मी गॅरेजच्या बंद दारावर दोनदा जोरात थाप मारतो. आत कुणी नसतं, सुई उचलणारंही नसतं. तरी आपण मागून ठेवावं.