चहाच्या डब्याची जागा

देवपुरातल्या आमच्या घराला आता दोन स्वयंपाकघरं आहेत, आणि त्यातल्या एकातही दोन बायका धड शेजारी उभ्या राहू शकत नाहीत. पूर्वी एकच होतं, पण ऐसपैस. मागच्या खिडकीखाली ओटा, मध्ये सागाचा खांब, खांबाला ठोकलेली फळी आणि फळीवर चहा-साखरेचे पितळी डबे. ओट्याशी उभं राहिलं की ती फळी डाव्या हाताला यायची. माझ्या सासूबाई, त्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, खिडकीबाहेर बघत डावा हात लांबवायच्या आणि डबा आपसूक हातात यायचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघत होते.

मग माझा नवरा आणि धाकटा दीर यांची वाटणी झाली. शेताची झाली तशी घराचीही झाली. स्वयंपाकघर सोडायला दोघंही तयार नव्हते, म्हणून खांबाच्या रेषेतच भिंत उभी राहिली. खांब भिंतीत गाडला गेला. अर्धी खिडकी त्यांना, अर्धी आम्हाला. भावांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. आम्ही दोघी जावा काही दिवस परसात बोलत होतो, मग आमचंही बंद पडलं, कारण काय बोललो याचा हिशेब घरात द्यावा लागायचा.

अक्कांची वाटणी एकेका महिन्याची झाली. अमावस्या झाली की त्या आपली पिशवी उचलायच्या, आमच्या पुढच्या दाराने बाहेर पडायच्या आणि शेजारच्या दारात शिरायच्या. जिने हे घर शेणामातीचं होतं तेव्हापासून सारवलं, तिला भाडेकरूसारखं फिरवायचं. मला भयंकर चीड यायची. नवऱ्याला तसं म्हटलं की तो पेपर उघडून बसायचा. दुपार झालेली असली आणि पेपर सकाळीच वाचून झालेला असला तरी.

दोन्ही घरांनी गॅस मधल्या भिंतीला लावून ठेवला होता, त्यामुळे स्वयंपाकघरं एकमेकांच्या उलटी झाली होती. आमच्याकडे आत शिरलं की गॅस उजव्या हाताला, त्यांच्याकडे डाव्या. अक्का महिना बदलला की हातही बदलायच्या. त्या कुणाला जागची वस्तू हलवू द्यायच्या नाहीत. मिठाची बरणी वीतभर सरकली तरी घर डोक्यावर घ्यायच्या. वय झालं, तऱ्हेवाईक झाल्या, असं आम्ही दोघींनी आपापल्या बाजूला ठरवून टाकलं होतं.

गेल्या वर्षी जावेने स्वयंपाकघर नवं केलं. दिराला कुणीतरी वास्तूचं सांगितलं होतं. पश्चिमेकडे तोंड करून स्वयंपाक होतो म्हणून घराला बरकत नाही, गॅस पूर्वेच्या भिंतीला न्या. नेला. म्हणजे आता तो त्यांच्याकडेही उजव्या हाताला आला आणि डाव्या बाजूला, जिथे गॅस होता तिथे, चकचकीत ट्रॉल्या बसल्या. काम चालू होतं तो महिना आमचा होता. अमावस्या झाली, अक्का पिशवी घेऊन तिकडे गेल्या. गॅस हलवलाय हे त्यांना सांगितलं गेलं होतं. पण सांगितलेलं कानात राहतं.

एका सकाळी जावेने गॅसवर दूध ठेवलं आणि ती परसात कपडे वाळत घालायला गेली. अक्का चहा करायला आत शिरल्या. सवयीने डावीकडे वळल्या आणि ट्रॉल्यांच्या वरच्या काळ्या फरशीवर हाताने गॅस शोधत राहिल्या. पेटलेला गॅस त्यांच्या पाठीमागे होता. स्वयंपाकघराचा बोळ केवढा, तर मागे वळायचं म्हटलं तरी कोपर लागावं एवढा. पदर पेटला.

मला भिंतीतून किंकाळी ऐकू आली ती अक्कांची नव्हती, जावेची होती. मी परसातून धावले. कित्येक वर्षांनी त्या घरात पाय ठेवत होते. तोवर जावेने दोन्ही हातांनी पदर विझवला होता आणि बादली ओतली होती. अक्का ओल्या फरशीवर बसल्या होत्या आणि दूध उतू जात होतं. गॅस मी बंद केला.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी भाजलेली पाठ बघितली, मग डोळ्यांत बॅटरी मारली आणि आम्हाला विचारलं, यांना केव्हापासून दिसत नाही? आम्ही एकमेकींकडे बघितलं. काचबिंदू होता. त्यात कडेचं आधी जातं, समोरचं भोक तेवढं उरतं, आणि तेही आता मिटत आलं होतं. मग मला ती मिठाची बरणी आठवली. आमचे बोळ इतके अरुंद होते की दोन्ही हात पसरले की सगळा संसार हाताला लागायचा, आणि त्या तेवढ्यावर वर्षानुवर्षं चालवत होत्या. कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर आम्ही काय केलं असतं, हे त्यांना नक्की ठाऊक होतं.

आम्ही तेच केलं. पण त्याआधी दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघं भाऊ भांडले. किती वर्षांनी बोलले आणि तेही असं. गॅस कुणी हलवला, आईला एकटं कुणी सोडलं, भिंत मुळात कुणाच्या हट्टाने झाली. पाठ कशी बरी होईल, यावर एक शब्द नाही. मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. जाव बाकावर बसून आपल्या भाजलेल्या तळव्यांवर फुंकर घालत होती, तिच्याकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती.

अक्कांना आमच्याकडे आणलं. माझ्या नवऱ्याने मधल्या खोलीत खाट टाकली आणि बाजारातून देवघरातल्यासारखी एक घंटी आणली. काही लागलं की वाजवायची, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. अक्कांनी घंटी चाचपली आणि गादीखाली सरकवली. ती कधीच वाजली नाही. तहान लागली तरी त्या कोणी जवळून जाईपर्यंत गप्प पडून राहायच्या. बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. एकदा मी वरणभात भरवायला बसले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. एरवी आमच्याशी त्या शहरी बोलायच्या, पण जिव्हारी लागलं की पारोळ्याकडची माहेरची बोली तोंडात यायची.

"माले खाटवर बसाडू नका," त्या म्हणाल्या. "माले दिखस नही, पन हातले बठ्ठं माहीत शे."

हाताला सगळं माहीत होतं. मी ताट बाजूला ठेवलं आणि रडले. त्यांना दिसत नव्हतं हे त्या वेळी बरंच झालं.

आमचंही स्वयंपाकघर नवं करायचं घाटत होतंच. जळगावचे एक इंटिरिअरवाले माप घेऊन गेले होते, ते मोबाईलवर चित्रं घेऊन आले. याला गॅली किचन म्हणतात, म्हणाले. आम्ही बोळ म्हणतो. दोन्ही बाजूंनी छतापर्यंत कपाटं, कपाटांना मुठी नाहीत, दाबलं की उघडतात, सगळं पांढरं शुभ्र म्हणजे जागा मोठी दिसेल. मी विचारलं, जिला दिसतच नाही तिच्यासाठी काय? ते म्हणाले, त्यांना आता किचनमध्ये यायची गरजच पडणार नाही ना. मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग मी मिस्तरीला बोलावलं आणि स्वयंपाकघर पार रिकामं करून घेतलं. कढई, डबे, ओटा, काही ठेवलं नाही. अक्कांना दंडाला धरून त्या उघड्या बोळात उभं केलं आणि म्हटलं, आता चहा करा. त्या हसल्या. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. कशाने करू, म्हणाल्या. मी म्हटलं, हाताने. त्यांनी पाण्यासाठी हात पुढे केला, मी तिथे भिंतीवर खडूने खूण केली. चहासाठी उजवा हात लांबवला, तिथे केली. त्या न थांबता सगळा चहा करून मोकळ्या झाल्या, गाळणीसकट. भिंतीवर पांढऱ्या फुल्याच फुल्या झाल्या. मिस्तरी म्हणाला, अशा मापाचा ओटा त्याने अजून घातला नव्हता.

ओटा एकाच बाजूला ठेवला, उजव्या हाताला. समोरची भिंत मोकळी ठेवून कमरेच्या उंचीवर स्टीलची दांडी बसवली, म्हणजे पाठीमागे धरायला आधार राहील, विस्तव राहणार नाही. गॅस ओट्यात खाली बसवला आणि पुढे बोटभर उंच दगडी काठ घेतला. गॅससमोर पायाखाली खडबडीत शहाबादी फरशी, बाकी सगळी गुळगुळीत. अक्का घरात अनवाणीच असायच्या, तळव्याला खरखर लागली की ओळखायचं, विस्तव आला. फळ्यांना दारं नाहीत. चहा चौकोनी डब्यात, साखर गोल डब्यात, मीठ बरणीत. बघणाऱ्याला ते गरिबाघरचं वाटायचं. नवऱ्याने दांडीकडे बघून विचारलं, हा काय दवाखाना आहे का? मी म्हटलं, पेपर वाचा.

काम संपत आलं तेव्हा एका दुपारी परसदारात जाव उभी दिसली. तिचे तळवे अजून गुलाबी होते. आमच्या ठोकाठोकीवरून ती भांडायला आली असेल असं मला वाटलं.

"ताई," ती म्हणाली, "चहाच्या डब्याची फळी ओट्यापासून किती वर घेतली?"

मी बाजूला झाले. ती आत आली, तिने फळी वितीने मोजली, मग दांडी, मग गॅसचा काठ. चप्पल काढून त्या खरखरीत फरशीवर उभी राहिली. पुढच्या आठवड्यात भिंतीपलीकडे पुन्हा मिस्तरी लागला. नव्याकोऱ्या ट्रॉल्या उखडल्या जात होत्या, आणि दिराचा आवाज आमच्या माजघरापर्यंत येत होता. तिने त्याला काय कारण सांगितलं मला माहीत नाही. गॅस तिच्याकडे उजव्या हाताला होताच, वास्तूचा तेवढा एक उपयोग झाला.

अमावस्येनंतर अक्का पिशवी घेऊन तिकडे गेल्या आणि तिथेही त्यांनी उजवा हात लांबवून डबा काढला. सगळा हिवाळा त्या दोन्ही घरी आपला चहा आपण करत होत्या. नाकावर टिच्चून, आम्हालाही देत होत्या. जावेकडचा महिना असला की चौकोनी डब्याचं झाकण वाजलेलं मला भिंतीतून ऐकू यायचं, मग मीही आधण ठेवायची. भाऊ अजून बोलत नव्हते. आम्ही दोघी परसात बोलायला लागलो होतो आणि हिशेब द्यायचं बंद केलं होतं.

पण पाठीची जखम नीट भरली नव्हती. साखर होती अंगात. उन्हाळ्यात ती चिघळली, ताप यायला लागला आणि अक्का ज्या खाटेवरून उठल्या होत्या त्याच खाटेवर परत आल्या. या वेळी त्यांनी काही म्हटलं नाही. अमावस्या आली आणि गेली, पिशवी खुंटीवरच राहिली. जाव सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे यायची. दीर दारापर्यंत यायचा, खुर्चीवर बसायचा, भावाकडे न बघता आईकडे बघायचा आणि जायचा.

त्या दुपारी आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसलो होतो. अक्कांची शुद्ध सकाळीच गेली होती. एकाएकी त्यांचा हात गादीवरून उठला. आधी मला वाटलं पाणी हवंय. पण बोटांनी काहीतरी उचललं, त्यावरचं झाकण फिरवलं, चिमटीत काही घेतलं आणि खाली सोडलं. मग झाकण परत लावलं. जावेच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं की त्या चहा करताहेत.

हात डावा होता. आम्ही दोघींनी सगळं उजव्या हाताला करून ठेवलं होतं, दोन्हीकडे, वीत न् वीत मोजून. तो डाव्या बाजूला गेला, खांद्याच्या जरा वर.

"ताई," जाव हळूच म्हणाली, "खांबावरची फळी."

ती लग्न होऊन आली त्यानंतर थोडेच दिवस ते ऐसपैस स्वयंपाकघर राहिलं होतं. तरी तिला आठवत होतं. मी मान हलवली. हात आणखी थोडा पुढे गेला, साखरेच्या डब्याकडे. दारात दीर येऊन उभा राहिला होता आणि आतल्या खोलीतून माझा नवरा बघत होता, पण त्या दोघांना हात काय करतोय ते कळत नव्हतं. आम्ही कुणी तो खाली घेतला नाही. चहा होईपर्यंत थांबलो. त्या फळीच्या जागी आता भिंत होती, आणि अक्कांच्या हाताला सगळं माहीत असलं तरी तेवढं माहीत नव्हतं.