आडवी झालेली मैफल

परवा कपाट आवरताना बाबांचा मानेचा पट्टा हाताला लागला आणि बिबवेवाडीच्या घरातली ती दुपार आठवली. आईने साठीनंतर गाणं शिकायला घेतलं होतं आणि आदल्या दिवशी सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात ती पहिल्यांदाच एकटी गायली होती. मानेच्या दुखण्यामुळे बाबांना जाता आलं नाही, म्हणून मी सगळं मोबाइलवर टिपून आणलं होतं. घरात अजून फोडणीचा वास रेंगाळत होता. मी व्हिडिओ टीव्हीवर लावला, तर आई तानपुऱ्यासकट आडवी! पट्ट्यामुळे बाबांना मान तिरकी करता येईना. मी फोन उभा धरला, आडवा धरला, पण टीव्हीवरची आई काही उठेना. "राहू दे. झोपून गायले म्हणून सांगू लोकांना," आई म्हणाली खरी, पण तिचा चेहरा उतरला होता. मग मी फोनच्या गॅलरीत तो व्हिडिओ उघडला, एडिटमध्ये जाऊन फिरवायचं बटण दाबलं आणि सेव्ह केलेली नवी प्रत टीव्हीवर लावली. आई ताठ बसलेली दिसली! मी आनंदाने ओरडलेच. बाबा मात्र गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. शेवटी आईला म्हणाले, "अगं, इतकं छान गातेस तू?" आणि मला म्हणाले, "पुन्हा लाव." आई लाजून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तोच आलाप खुल्या आवाजात घेऊ लागली. पुढे नोकरीत मी बऱ्याच मोठ्या गोष्टी जमवल्या, पण त्या दुपारची ऐट काही पुन्हा आली नाही.