वरुणला मामा नाहीत

वरुणला साधं "जेवलास का?" विचारलं तरी तो आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. उत्तर नंतर, जमलं तर.

सिंगापुरात तांजोंग पगारच्या एका बँकेत तो सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्याच्या कामात चूक आहे असं धरून चालायचं, आणि ती सापडेपर्यंत उठायचं नाही. स्वभावाला साजेसं काम. राहतो क्वीन्सटाउनच्या जुन्या ब्लॉकमध्ये. रंग गडद. केस कायम बारीक. दर रविवारी स्वतःच डोक्यावर मशीन फिरवतो. एकदा मी बरोबर असताना टॅक्सीवाल्या अंकलनी आरशातून विचारलं, कुठला? तो म्हणाला, इंडिया, पुणे. "कॅनॉट बी, लाह!" अंकलना पटलंच नाही. वरुण हसला. उतरल्यावर मात्र मला म्हणाला, "यालाही कुणी सांगून ठेवलंय की काय?" मला तो विनोद वाटला.

पुंगोलच्या मेधाताईंनी त्याच्यासाठी स्थळ आणलं. त्यांची भाची गार्गी, नाशिकची, इथेच विद्यापीठात पोस्टडॉक करते. दोघं भेटले. पुन्हा आपणहून भेटले. सगळं जमत आलं, तेव्हा मेधाताईंनी आपल्याकडे पोह्यांच्या मागोमाग येणारा प्रश्न विचारला.

"मामेकूळ कोणतं रे?"

"मला मामा नाहीत."

"मामा नसले तरी कूळ असतंच की."

"आईला विचारून सांगतो."

त्याने सांगितलं नाही. मेधाताईंनी माझ्याकडे चौकशी सुरू केली. "आईचं नाव निघालं की विषय बदलतो. काहीतरी भानगड आहे गं. का तुमचं दोघांचंच काही आहे?"

"ताई!"

पण संशयाची लागण होते. मीही त्याच्याकडे नीट बघायला लागले.

माझ्या ऑफिसातली अबेना घानाची. ती आणि तिच्या मैत्रिणी दरवर्षी एक संध्याकाळ ठरवतात. इथे राहणारे आफ्रिकी, कॅरिबियन, अमेरिकी कृष्णवर्णीय लोक एका शॉपहाउसच्या, म्हणजे खाली दुकान असलेल्या जुन्या घराच्या, वरच्या मजल्यावर जमतात. आपला इतिहास सांगतात, गातात, जेवतात. यंदा विषय होता समुद्र ओलांडून आशियात आणल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांचा. त्यात आपले सिद्दीही होते, कोकणातले आणि कारवारच्या रानातले. वरुणचं ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून मी त्याला फोन केला.

"मलाच का?"

"जवळ आहे म्हणून."

"कुणी सांगितलं तुला?"

"काय सांगितलं?"

त्याने फोन ठेवला. मग उचलेना. शनिवारी मी सरळ त्याच्या दाराशी गेले.

दार एका बाईंनी उघडलं, अर्धंच. चेहरा वरुणचा. केस दाट, बारीक कुरळे, डोक्याभोवती फुललेले. अबेनाची थोरली बहीण म्हणून खपल्या असत्या. अंगावर सुती साडी, आणि मराठी बेळगावकडची.

"तुला मेधाबाईनं धाडलंय काय?"

"नाही हो. मी वरुणची मैत्रीण."

"नुसती?"

आतून वरुणचा आवाज आला. "येऊ दे तिला, आई."

अरुणामावशी कारवारकडच्या हल्याळच्या सिद्दी. वरुणचे वडील तिथल्या लाकडाच्या डेपोत कारकून होते. लग्न करून दोघं पुण्याला आले. हे सगळं मला त्या दुपारी कळलं. मावशी कधीच्याच सिंगापुरात आल्या होत्या आणि फ्लॅटबाहेर पडल्या नव्हत्या. मी वरुणकडे पाहिलं. त्याला कळलं मी काय समजले ते.

"मी नाही लपवलं. हीच लपते."

"पोरगी हो म्हनालीय," मावशी म्हणाल्या. "माझं तोंड बघितलं की मोडतील."

"आणि लग्नाला?" मी विचारलं.

"अक्षता पडल्या की येते."

त्या विनोद करत नव्हत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी वरुणने बाग दाखवतो म्हणून त्यांना बाहेर काढलं आणि शॉपहाउसचा जिना चढवला. दारातच त्या थबकल्या. खोलीभर त्यांच्यासारखे केस. त्यांचा हात स्वतःच्या केसांकडे गेला.

"कोन लोक हे? माझ्याकडं का बघत्यात?"

तेवढ्यात मागून मेधाताई आल्या. त्यांचे यजमान आमच्याच ऑफिसात. त्यांनाही निमंत्रण होतं. वरुणने नुसतं "ताई" म्हटलं. तेवढं मावशींना पुरलं. वरुणपासून त्या बाजूला सरकल्या, अनोळखी माणसासारख्या. मेधाताईंनी त्यांना निरखलं आणि मोठ्यांदा, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत विचारलं, "यू... परफॉर्मिंग?"

मावशींनी मुलाकडे पाहिलं नाही. "येस," म्हणाल्या.

मग माघार नव्हती. अबेनाने हात पुढे केला. मावशींनी पदर खोचला आणि त्यांच्याकडचं एक गाणं काढलं, खालच्या पट्टीत, कोकणीतलं. कडेच्या पोरांनी ढोलावर ठेका धरला. मावशींनी अबेनाचे दोन्ही हात धरले आणि गिरकी घेतली. दाराआडून बोलणारी ती बाई हीच का?

"अगं, ही तर आपली फुगडी!" मेधाताई माझा दंड धरून म्हणाल्या. "आणि शब्द ऐक, थेट आपल्यासारखे. किती छान शिकवलंय गं कुणी या आफ्रिकन बाईला!"

वरुण आमच्या शेजारीच होता. गप्प राहिला असता तर निभलं असतं.

"कुणी शिकवलं नाही," तो म्हणाला. "ती माझी आई आहे."

मेधाताईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला माहीत होतं?" उत्तराला त्या थांबल्या नाहीत. पर्समधून फोन काढत जिन्याकडे गेल्या.

मावशी धापा टाकत आल्या. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मेल्या! आनि ती बाई?"

"जिन्यात आहे. गार्गीशी बोलत असेल."

जिन्यातून मेधाताईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तो आवाज थांबला आणि वरुणचा फोन वाजला. गार्गीच.

"उचलू नको," मावशी म्हणाल्या.

त्याने उचलला. चेहऱ्यावरून काही कळेना. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांना आपण कुणाचा हात धरलाय याचं भानही नसावं.

"काय म्हनतीय?"

"विचारतेय, आई अजून नाचतेय का. टॅक्सीत बसलीय ती. इकडेच यायला निघालीय."

मावशींनी माझा हात सोडला. कपाळाचा घाम पुसला. डोळे बारीक केले.

"एवढ्या घाईनं कशाला येतीय?" त्या म्हणाल्या. "नीट विचार तिला."