उजाडेपर्यंत बुधवार

नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानावरच्या त्यांच्या छोट्या कार्यालयात झाली. खिडकीतून धुके आत येऊन बसले होते. नोकरीसाठी आलेल्या मला त्यांनी विचारले, "आज तारीख काय?" मी सांगितली. "ही झाली तारखेची अक्षरं. यात चार तास मिळवून दाखवाल?" ताई हसल्या, चहा मागवला. नोकरी मिळाली, प्रश्न मात्र बरेच दिवस डोक्यात तरंगत राहिला.

पुण्यातली मोठी नोकरी संपल्यावर ताई मावळातल्या शेतकऱ्यांसाठी काम करू लागल्या. टाकवे बुद्रुकला शेताच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणारा प्रोग्राम त्यांचाच. तो कंपाइल केलेला, म्हणजे आधीच यंत्राच्या भाषेत उतरवलेला, पक्का. त्यात तारीख-वेळेचा स्वतंत्र प्रकार होता, वार आणि तास मागेपुढे नेता येणारा. पाळीचा निरोप मोबाइलवर धाडायला त्यांनी एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली आणि तिच्यात ती तारीख नुसता मजकूर म्हणून, म्हणजे मागेपुढे न नेता येणारी अक्षरे म्हणून, घेतली. मला विचारलेला प्रश्न त्या स्वतःच विसरल्या होत्या, यावरून आम्ही त्यांना अजून चिडवतो.

तिथल्याच कांदा पिकवणाऱ्या गंगारामआबांना निरोप गेला, गुरुवार, रात्री दोन. आबा गुरुवारी जेवण उरकून शेतावर गेले. पाणी आदल्या रात्रीच येऊन गेले होते. कांद्याने माना टाकल्या होत्या. पुढच्या पाळीपर्यंत तो तगेल असे कुणालाच वाटेना.

सकाळी आबांचा फोन आला, तशा ताई मला घेऊन टाकव्याला गेल्या. बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "आबा, चूक माझी आहे."

"आमी गुरवारच्या राती गेलतो, ताई. पानी न्हाई," आबा म्हणाले.

त्यांच्या पत्नीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "उजाडल्याबिगर वार बदलतोय व्हय? ती तर बुधवारची रात."

ताईंनी तांब्या घेऊन दोन घोट घेतले. "माझी आईही असंच म्हणायची," एवढेच बोलल्या. मग शेजारच्या शेतकऱ्याच्या दारी स्वतः गेल्या आणि त्याच्या पाळीतले थोडे पाणी आबांसाठी मागून घेतले. दुपारी पाट वाहू लागला. पाणी वाफ्यात शिरेपर्यंत ताई उन्हात उभ्या होत्या. कांदा वाचला.

परत आल्यावर त्यांनी स्क्रिप्ट उघडली. अक्षरे काढून टाकली आणि जुन्या प्रोग्राममधला तारखेचा प्रकार जसाच्या तसा स्क्रिप्टमध्ये घेतला. आता तास वजा करता येत होते. वाराचे नाव काढण्यापूर्वी सहा तास मागे जायचे, वेळ मात्र घड्याळाचीच ठेवायची, अशी एक ओळ त्यांनी लिहिली. तेव्हापासून आबांच्या मोबाइलवर 'बुधवारची रात्र, दोन वाजता' असा निरोप येतो.

ताईंचा हा स्वभाव आम्हां सगळ्यांच्या वाट्याला आला. माझे वडील आजारी असताना त्या दिवशी द्यायचे काम रखडले, तेव्हा मध्यरात्र उलटल्यावर मी घाबरत फोन केला. "उजाडलंय का? नाही ना? मग अजून आजच आहे. वडिलांजवळ बसा," त्या म्हणाल्या. त्या वाक्याच्या आधाराने मी ते दिवस काढले, हे त्यांना आज प्रथमच सांगतो आहे.

ताई आता कार्यालयात क्वचित येतात. बाकीचे सारे आम्ही नवे केले, ती ओळ तशीच ठेवली. घड्याळ म्हणते, ताईंना आज पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. म्हणो बापडे. ताई, तुम्हांला उत्तम प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो. आमच्याकडे अजून उजाडलेले नाही. अजून आजच आहे.