दुवाकाकू आणि दोन बाळीबाई

कुठलाही पत्ता तपासल्याशिवाय दुवाकाकू तो पुढे जाऊ देत नसत. पाड्याचा असला तर एसटी पकडून स्वतः जाऊन येत; संगणकावरचा असला तर पान उघडतंय का ते बघत. शहापुरात आमचा लहानसा गाण्यांचा संग्रह आहे. शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवरच्या बायकांची लग्नातली गाणी ध्वनिमुद्रित करून आम्ही संकेतस्थळावर ठेवतो. काकू वाचनालयातून निवृत्त होऊन आमच्याकडे आल्या. गाणं कुणाचं, कुठलं, हे ध्वनिमुद्रणाच्या वेळी गाणारणीलाच विचारून ती माहिती यंत्रांना वाचता येईल अशी लिहिणं त्यांचं काम. दुवा, म्हणजे लिंक, लागला का, एवढंच दिवसभर विचारत, म्हणून हे नाव पडलं.

"नाव म्हणजे ओळख नव्हे," असं त्या म्हणत. एका नावाच्या बाया गावोगाव असतात, म्हणून प्रत्येक गाणारणीला त्यांनी स्वतःचा कायमचा वेब-पत्ता दिला होता.

गुडघ्याच्या दुखण्याने त्या घरी असताना माहितीची नवी मांडणी बाहेरच्या एका कंत्राटदाराने केली. त्याने पत्ते गाळले नाहीत. फक्त अवतरणचिन्हांत घालून साध्या मजकुरासारखे लिहिले. आम्हाला फरक दिसला नाही. यंत्राला मात्र ती नुसती अक्षरं झाली, तो दुवा आहे हे त्याला कळेना. शहरातल्या एका मोठ्या संग्रहाने आमची माहिती घेतली, तेव्हा तिथल्या यंत्राने नावावरून माणसं जुळवली आणि आमच्याकडच्या दोन वेगळ्या पाड्यांवरच्या बाळीबाईंची एकच करून टाकली.

हे कळलं ते सुंदरमुळे. ती आटगावजवळच्या पाड्यावरची. ती वीटभट्टीवर कामाला गेलेली असताना तिची आई, बाळीबाई, वारली. शेवटची भेट झाली नाही. कुणीतरी तिला मोबाइलवर आईचं गाणं काढून दिलं. ते घेऊन ती आमच्याकडे आली आणि शांतपणे म्हणाली, "ही माजी आय नाय. फोटो तिचा हाय, गळा दुसरीचा."

काकू तेव्हा नुकत्याच कामावर आल्या होत्या. त्यांनी आमच्याकडचं मूळ ध्वनिमुद्रण शोधून लावलं. सुंदर भिंतीला टेकून ऐकत राहिली. गाणं संपल्यावर तिने विचारलं, की मोबाइलवर साऱ्यांना ती दुसरीच ऐकू जाते, त्याचं काय?

"ते माझ्याकडे लागलं," काकू म्हणाल्या.

त्या एकेक नोंद उघडून मजकूर झालेला पत्ता पुन्हा दुवा करू लागल्या. आमच्यातल्या एकाने सुचवलं, दोन बाळीबाईंचं दुरुस्त केलं की झालं, बाकी कोण बघतंय? काकूंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "हिची लेक आली म्हणून हे कळलं. जिचं कुणी येणारच नाय, तिचं काय?"

सगळं झाल्यावर शहरातल्या लोकांच्या मागे लागून त्यांनी तिथलीही माहिती बदलून घेतली. टोकावड्याकडची दुसरी बाळीबाई हयात होती. तिलाही जाऊन सांगून आल्या. ती म्हणे खूप हसली आणि स्वतःचं गाणं दोनदा ऐकवायला लावलं.

गेल्या वर्षी काकू गेल्या. कळल्यावर सुंदर आली, थोडा वेळ बसली, आणि त्यांचा आवाज आहे का म्हणून विचारू लागली. काकूंचं ध्वनिमुद्रण करावं असं कुणाला कधी सुचलं नव्हतं. नाही म्हणणार इतक्यात आठवलं, आणि मी तिच्या आईचं गाणं अगदी सुरुवातीपासून लावलं, एरवी आम्ही कापतो त्या भागासकट. आधी कोंबडा आरवला. मग काकू जवळून, हळू आवाजात विचारत होत्या, "नाव काय गो तुझं? सावकाश सांग."