आम्ही दोघांनी ‘बरा’ म्हटलेला अल्बम

शिवराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी भालकीहून उदगीरला निघालेल्या बसमध्ये होतो. फोन त्याच्या पुतण्याचा. "काका गेले," एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी पुढच्याच फाट्यावर उतरलो, परतीच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेला उभा राहिलो. तिथं मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती... या माणसाबरोबर मी शेवटची ऐकलेली गाणी ती असावीत? ती घाण?

महिना उलटला तरी राग गेलेला नाही. त्या बँडचं नाव इथं लिहिणार नाही, फुकट जाहिरात कशाला? परदेशातले चार गडी, आता म्हातारे झालेले. आम्ही कॉलेजात असताना शिवराजनं त्यांची कॅसेट हैदराबादच्या फूटपाथवरून आणली. घरी कन्नड, माझ्याशी मराठी, बाजारात दखनी उर्दू बोलणारा हा पोरगा. इंग्रजीचं मात्र आम्हा दोघांनाही वावडं. शब्द कळत नव्हते, पण गाणारा माणूस खोटं बोलत नाही एवढं कळायचं. पुढं शिवराजनं वडिलांचं भालकीतलं हार्डवेअरचं दुकान सांभाळलं, मी शाळेत मास्तर झालो, लग्नं झाली. तरी नवा अल्बम आला की दुकानाच्या माडीवर दोघांनी बसून तो अख्खा ऐकायचा, मधे बोलायचं नाही, आणि संपला की तोंड सोडायचं, हा नेम होता. आवडलं तर शिवराज गप्प बसायचा. नाही आवडलं तर तिन्ही भाषांत असा सुटायचा की दुकानातली गिऱ्हाइकं जिन्यापाशी गोळा व्हायची. एकदा त्यांनी गाण्यात बासरी घातली तर हा खवळून म्हणाला, "गानं म्हनायलेत का गाई पान्हवायलेत?" मी हसून हसून आडवा. खरं सांगायचं तर गाण्यांपेक्षा त्या शिव्यांचीच मला ओढ असायची.

बऱ्याच वर्षांनी यंदा त्यांचा नवा अल्बम आला. तोवर शिवराजच्या किडन्या कामातून गेल्या होत्या, कलबुर्गीच्या दवाखान्याच्या खेपा चालू होत्या. मी एकट्यानं ऐकला नाही. माडीवर तो पलंगाला टेकून बसला, मी मोबाइल स्पीकरला जोडला, आणि सुरू झालं... काय सांगू! ड्रमच्या जागी यंत्राची टकटक. ज्या आवाजानं आमच्या अंगावर काटा यायचा, तो असा घोटून गुळगुळीत केलेला की कुठं खरखर नाही, श्वास नाही. गिटार शेजारच्या घरात वाजावी तशी. मधेच एक कोवळी पोरगी आणून बसवलेली, ती नुसती ‘हे हे’ करते. एक गाणं तर हुबेहूब साबणाची जाहिरात. साखर कारखान्याच्या मळीला गोड आणि सडका वास येतो ना, तसं ते सगळं. म्हातारपण मी समजू शकतो. आवाज फाटला असता तरी जीव ओवाळून टाकला असता. पण हा लाळघोटेपणा? नातवांच्या वयाच्या पोरांना खूश करायला?

संपलं. मी शिवराजच्या तोंडाकडं बघत राहिलो. आता सुटणार हा, आता सुटणार...

"बरं हाय की, मन्या," तो म्हणाला.

ह्याचा रागच गेला म्हणजे आता काही खरं नाही, असं वाटलं. पण त्याला तेवढं सुख मिळतंय तर कशाला हिरावून घ्या, म्हणून मीही म्हणालो, "व्हय, बरं हाय." आणि मग आम्ही त्या घाणीचं कौतुक करत बसलो. शी! अजून तोंड कडू होतं.

गेल्या आठवड्यात वहिनींना, म्हणजे शिवराजच्या बायकोला, भेटायला गेलो. माडीवर बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "शेवटी त्याला ती गानी आवडली, तेवढंच समाधान."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. "कुनाला आवडली? तुमी जिना उतरलाव की ह्यांनी शिव्या सुरू केल्या. दम लागला तरी थांबंनात."

"मग मला कामून बोलला न्हाई?"

"मी बी तेच इचारले. तर म्हनले, मी तर जायलोय. मन्याजवळ आता ते चार गडीच ऱ्हानार. त्येला आवडलं असंल तर आवडू दे."

म्हणजे त्या दिवशी याच खोलीत आम्ही दोघंही ओकारी दाबून बसलो होतो. त्याला शिव्या द्यायच्या होत्या, मला त्या ऐकायच्या होत्या... आणि एकमेकांना जपण्यात ती शेवटची बैठक हातची गेली. त्या चौघांच्या भिकार गाण्यांपायी आम्ही एकमेकांशी खोटं बोललो. याची माफी त्यांना नाही.

स्पीकर कोपऱ्यात होता. मी मोबाइल जोडला आणि तोच अल्बम लावला. यंत्राची टकटक सुरू झाली. मला वाटलं, वहिनी उठून खाली जातील. त्या कान देऊन ऐकत राहिल्या.

"थांबा भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्या गान्याला काय म्हनले ते सांगते."

आणि जन्मात कधी वावगा शब्द न काढलेल्या त्या बाईनं तोंडाला पदर लावून, शिवराजची शिवी जशीच्या तशी मला म्हणून दाखवली. मी हसलो, हसता हसता डोळे भरून आले. गाणं संपायच्या आतच मी पुढचं लावलं.